चाकापासून रसायनापर्यंत : पनवेल परिसरातील कारखानदारी आणि कामकरी माणूस

खांदा कॉलनीत सकाळी सहाच्या सुमारास घराबाहेर पडले, तर माणसांचे दोन प्रवाह दिसतात. एक प्रवाह खांदेश्वर स्टेशनकडे जातो. ही मंडळी लोकलने मुंबईच्या नाहीतर नवी मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारी. दुसरा प्रवाह महामार्गाच्या कडेला कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असतो. हे तळोजे, रसायनी, पाताळगंगा येथील कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे कामगार होत. पहिल्या प्रवाहाकडे आपल्या मुलांचे लक्ष लवकर जाते. दुसऱ्या प्रवाहाकडे ते सहसा जात नाही. वास्तविक ज्या कॉलनीत आपण राहतो, ती उभी राहण्यास या दुसऱ्या प्रवाहाचा मोठा हातभार लागलेला आहे.

आपल्या विद्यार्थ्यांना पानिपतच्या लढाईचे साल पाठ असते आणि ते असावेही. परंतु आपल्या घरापासून चार-सहा मैलांवर असलेला कारखाना तेथे केव्हा आला, का आला आणि त्यात कोणाला काम मिळाले, हा इतिहास त्यांना कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. कारखानदारी म्हणजे कच्च्या मालाचा पक्का माल करणे, एवढी व्याख्या आपल्याला पुरे. मात्र सारा वेळ एकच प्रश्न आपण डोळ्यांपुढे ठेवू : काम कोणाला मिळते, हे कशावरून ठरते? पनवेलच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर निदान चार वेळा बदलले आहे.

बंदर, रस्ता आणि गाडीची चाके

पनवेल हे मुळात खाडीवरचे बंदर. मुंबईहून पुण्याला जाणारा माल व माणसे गलबतांतून पनवेलला उतरत आणि पुढे चौक, खोपोलीवरून बोरघाट चढत. १८३० साली बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला आणि या वाहतुकीला मोठाच जोर आला. बैलाच्या पाठीवरची गोणी गाडीत गेली. गाडी आली म्हणजे चाक आले, आणि चाक आले म्हणजे चाक करणारा आला. पनवेलची भरभराट एवढी होती, की १८५२ सालीच येथे नगरपालिका स्थापन झाली.

त्या काळी पनवेलची गाडीची चाके प्रसिद्ध होती. देशावरून खाली उतरलेला गाडीवान परत जाताना पनवेलच्या चाकांची जोडी घेऊन जाई, असे जुन्या सरकारी नोंदींवरून दिसते. चाक करणे हे साधे काम नव्हे. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरच्या घेराचे लाकडी तुकडे हे सर्व सुताराने खिळ्यावाचून घट्ट बसवायचे. मग लोहाराने लोखंडाची धाव भट्टीत लाल करून त्यावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. तापलेले लोखंड थंड होताना आकसते आणि सगळे चाक आवळून धरते. धाव किती मापाची घ्यायची, हा सारा हिशेब कारागिराच्या डोळ्यात. माप थोडे चुकले, तर एक तर धाव बसत नाही किंवा घाटात चाक खिळखिळे होते.

हा हुन्नर कोणत्या शाळेत शिकवला जात होता? कोणत्याही नाही. बापाने मुलाला शिकवला, मामाने भाच्याला शिकवला. काम कोणाला मिळते, याचे त्या काळचे उत्तर सरळ होते : ज्याच्या घरात हुन्नर, त्याला काम. त्यात सोय होती, तशी अडचणही होती. ज्याच्या घरात हुन्नर नाही, त्याला तो शिकण्याची वाट जवळजवळ बंद होती.

पुढे रेल्वे आली. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाटातील रेल्वेमार्ग पुरा झाला. हा मार्ग कल्याण-कर्जतवरून गेला, पनवेल बाजूला राहिले. पनवेलला रेल्वे येण्यास विसाव्या शतकाचे सातवे दशक उजाडावे लागले. मधल्या शंभर वर्षांत बंदराचा व्यापार ओसरला. भाताच्या गिरण्या चालल्या, उरण-पेणकडची मिठागरे चालली, आणि पुराणिक घराण्याने १८७२ साली सुरू केलेला धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना पनवेलचे नाव देशभर नेत राहिला. परंतु चाकाचा धंदा मोटारीपुढे टिकणे शक्य नव्हते.

येथे आपल्या शेजारच्या भिवंडीची आठवण होते. भिवंडी व मालेगाव येथे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती झाली. त्यांच्याजवळ हातमागाचा हुन्नर होता. वीज आली तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी हातमाग सोडून यंत्रमाग घेतला. यंत्र बदलले तरी कापड तेच राहिले, म्हणून जुने ज्ञान नव्या यंत्रावर उपयोगी पडले. पनवेलच्या चाककऱ्याला अशी शिडी मिळाली नाही, कारण मोटारीचे रबरी चाक दूर कोठेतरी मोठ्या कारखान्यात तयार होत होते. तात्पर्य, हुन्नर चांगला असला तरी तो पुढच्या यंत्राशी जोडला गेला पाहिजे. नाहीतर तो कारागिराबरोबरच संपतो.

वीज खोपोलीची, गिरणी मुंबईची

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातली व घाटावरची माणसे गिरणगावात जाऊ लागली. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली आणायचे, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ही योजना होती. म्हणजे पाणी घाटाचे, वीज आपल्या जिल्ह्यातील, मजूर कोकणचा आणि गिरणी मात्र मुंबईची. पगारातला काही भाग मनिऑर्डरने गावी येई आणि त्यावर घराची कौले बदलली जात. एवढाच त्या कारखानदारीचा आपल्या गावांशी संबंध.

गिरणीत काम कोणाला मिळे? तेथे दुसरे उत्तर लागू होते. भरती जॉबरच्या हातात असे. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्याचा असला, तर बदली कामगार म्हणून आत शिरता येई आणि कालांतराने कायम होता येई. मदनपुऱ्यातील मुस्लिम विणकर आणि कोकणातला मराठा तरुण आपापल्या ओळखीने मागावर उभे राहिले. परंतु ज्याची ओळख नाही त्याला दार बंद होते, आणि काहींना तर जातीमुळेच बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, हे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकामखात्यात घेत नसत. १९२८ सालच्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला. ओळखीच्या दाराने काहींचे भले झाले, हे खरे. पण त्याच दाराने कित्येकांना बाहेर ठेवले, हेही विसरता कामा नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर मुंबईच्या गिरण्या पूर्वीसारख्या कधीच चालल्या नाहीत. मनिऑर्डरचा ओघ आटला, आणि जॉबरची ओळखही निरुपयोगी झाली.

रसायनी आणि तळोजे

दरम्यान पनवेलच्या आसपास निराळ्याच प्रकारची कारखानदारी उभी राहत होती. केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना पनवेलजवळ उभारला. त्या वसाहतीचे नावच रसायनी पडले. या कारखान्याचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. येथे नायट्रोबेंझीन, ॲनिलीन यांसारखी रसायने तयार होत. ती बाजारात कोणी गृहिणी विकत घेत नाही. परंतु कापडाचा रंग, औषधाची गोळी, टायरचे रबर या सर्वांसाठी ती लागतात. पूर्वी ती परदेशातून आणावी लागत. ती देशातच होऊ लागल्यावर त्यांवर चालणारे रंगाचे, औषधांचे कारखाने निघण्यास मदत झाली. एका कारखान्याच्या पोटातून दुसरे कारखाने कसे निघतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. रस्ते, पाणी, वीज यांची सोय करून कारखान्यांना भूखंड द्यायचे, हे त्याचे काम. ठाणे-बेलापूर पट्टा, मग तळोजे, पाताळगंगा अशा वसाहती होत गेल्या. तळोज्याला खत, ॲल्युमिनियम, रसायने यांचे कारखाने आले. पाताळगंगेला १९८० नंतर पॉलिएस्टर धाग्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १९८९ च्या जुलैत पाताळगंगेला महापूर आला तेव्हा तो पाण्याखाली गेला होता, पण पुन्हा चालू झाला.

कारखान्याचा पगार कारखान्याच्या भिंतीत राहत नाही. कामगाराला भाड्याने खोली लागते, मुलाला शाळा लागते, घरात किराणा लागतो. माल नेण्यास ट्रक लागतो, ट्रकला गॅरेज लागते आणि ट्रक ड्रायव्हरला चहाची टपरी लागते. यंत्राचा भाग तुटला तर लेथवर तो करून देणारे लहान वर्कशॉप लागते. पनवेलच्या बाजारपेठेत आणि नव्या पनवेलच्या वसाहतीत जी चहलपहल पुढे वाढली, तिच्या मागे हे चक्र होते. आपल्या मोहल्ल्यातील कितीतरी घरांची चूल अशा गॅरेजवर, वेल्डिंगच्या दुकानावर, टेम्पोवर पेटली. त्यांचा कारखान्याच्या हजेरीपटावर कधीच उल्लेख नव्हता, तरी ती घरे कारखान्यावरच जगत होती.

जमीन आणि फाटक

या विकासाला दुसरीही बाजू होती, आणि ती कडू होती. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवण्याचे ठरले. ज्या खांदा गावाचे नाव आपल्या कॉलनीला आहे, त्या परिसरात पूर्वी भाताची खाचरे होती. शेती गेली, मोबदला मिळाला, पण मोबदल्याचा पैसा पुरा पडला नाही. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यातून पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा देण्याची योजना आली.

जमिनीबरोबर पाण्याचाही प्रश्न आला. तळोज्याच्या सांडपाण्याने कासाडी नदी बिघडली. खाडीत मासे धरणाऱ्यांचा धंदा बसू लागला आणि हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. कारखान्याच्या धुराची व पाण्याची किंमत जो मोजतो, त्याला पगार मिळतोच असे नाही, हे येथे स्पष्ट दिसले.

आता आपला मूळ प्रश्न. या नव्या कारखान्यांत काम कोणाला मिळाले? तिसरे उत्तर असे, की ज्याच्याजवळ कागद आहे त्याला. रसायनाच्या कारखान्यात वाफेचा दाब, तापमान, आम्लाचे प्रमाण यांवर नजर ठेवायची असते. येथे जॉबरची ओळख चालत नाही. फाटकावर प्रमाणपत्र विचारले जाते : फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लांटचा ऑपरेटर, नाहीतर रसायनशास्त्राची पदवी. देशात औद्योगिक प्रशिक्षणाची योजना १९५० पासून होती आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला होता. पण हे आपल्या गावांत किती जणांना ठाऊक होते? कारखान्याच्या कंपाउंडला लागून ज्यांचे घर, त्यांच्या वाट्याला पुष्कळदा रखवालदाराचे, माळ्याचे, माल उतरवण्याचे काम आले. मशीनवर उभा राहणारा मात्र दुरून आला. त्याच काळात, १९७३ नंतर, आखातात तेलाचा पैसा वाहू लागला आणि कोकणातील अनेक मुस्लिम घरांतील तरुण वेल्डर, फिटर, फोरमन म्हणून तिकडे गेले. घराजवळचा कारखाना सोडून मुलगा समुद्रापार तेच काम करतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

माझ्या पाहण्यातील एक हकीकत सांगतो. एका कारखान्यात एक गृहस्थ हेल्पर होते. चालत्या पंपाच्या घरावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याचे दुसरे टोक ते कानाला लावीत आणि कोणते बेअरिंग जाणार ते सांगत. बहुधा चुकत नसत. इंजिनियर त्यांना बोलावून घेत. पण दुरुस्तीच्या वहीत सही डिप्लोमा झालेल्या मुलाची होई, आणि पगारही त्याप्रमाणेच. त्या मुलाचा काही दोष नव्हता. तो या गृहस्थांना "चाचा" म्हणे आणि मानही देई. हे गृहस्थ बावीस वर्षे हेल्परच राहिले. निवृत्तीच्या दिवशी ते म्हणाले, "कान माझा होता, कागद त्याचा होता." त्यांनी आपल्या धाकट्या मुलाला मात्र आयटीआयला घातले.

पक्की नोकरी आणि कंत्राट

१९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले. परदेशी मालाशी स्पर्धा आली. कारखान्यांनी माणसे कमी करून यंत्रे वाढवली, आणि जी माणसे लागली ती कंत्राटदारामार्फत घेण्याची पद्धत वाढली. कंत्राटी कामगारांविषयी संसदेने १९७० साली कायदा केला होता. पण कंत्राट रद्द झाले तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा नोकर होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या शेजारी संगणक-कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्या कारखान्याने रसायनीला तिचे नाव दिले, तो सरकारी कारखानाही तोट्यात गेला. २०१७ साली केंद्र सरकारने तेथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणासाठी लागणाऱ्या रसायनाचा तेवढा विभाग अवकाश संशोधन संस्थेकडे देण्याचे ठरले. ज्यांनी ती नोकरी जन्माची मानली होती, त्यांना हा मोठाच धक्का होता.

म्हणजे चौथे उत्तर असे : आज पुष्कळदा कंत्राटदार ठरवतो. तेव्हा कागदाचा उपयोग संपला काय? तसे समजणे चूक ठरेल. कंत्राटी कामातसुद्धा प्रमाणपत्रवाला वेल्डर आणि बिनकागदाचा हेल्पर यांच्या मजुरीत अंतर राहतेच. एक कारखाना बंद पडला तर प्रमाणपत्रवाला दुसरीकडे जाऊ शकतो. ज्याचा हुन्नर केवळ एका साहेबाला ठाऊक आहे, त्याला ते शक्य होत नाही.

न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ साली जो अहवाल दिला, त्यात हीच गोष्ट देशाच्या पातळीवर दिसून आली. मुस्लिम समाजातील पुष्कळ माणसे वस्तू तयार करण्याच्या कामात आहेत, परंतु ती बहुतेक स्वतःच्या लहान धंद्यात किंवा घरी बसून. नियमित पगाराच्या नोकरीत त्यांचे प्रमाण कमी आहे. याचा साधा अर्थ असा, की हातात हुन्नर आहे, पण त्याची सनद नाही.

आपल्यापुढील काम

आता पनवेल पुन्हा बदलत आहे. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ पासून चालू आहे. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि तो आपल्या कॉलनीपासून फार दूर नाही. गोदामे, शीतगृहे, यंत्रदुरुस्ती अशी कामे त्याच्या भोवती निघतील. पुन्हा एकदा फाटक उघडेल आणि पुन्हा तोच प्रश्न येईल. या वेळी आपण उशिरा जागे होऊ नये, एवढ्यासाठी पालकांना व विद्यार्थ्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

दहावीत गुण कमी पडले म्हणून मुलाला आयटीआयला पाठवणे आणि हुन्नर शिकावा म्हणून पाठवणे, यांत फरक आहे. पहिल्या प्रकारे गेलेला मुलगा खाली मान घालून शिकतो, दुसरा मान वर करून. मुलींच्या बाबतीतही हाच विचार व्हावा. इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्ट्समन, प्रयोगशाळेतील तपासणी ही कामे त्या उत्तम प्रकारे करू शकतात. आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी पुरी करावी आणि तिची परीक्षा द्यावी. विद्यावेतन थोडे म्हणून ती मध्येच सोडू नये. रसायनशास्त्राच्या पदवीधरांनाही केमिकल प्लांटमध्ये अशी उमेदवारी करता येते, हे पुष्कळांना माहीत नसते.

ज्यांनी गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये दहा-पंधरा वर्षे काम केले आहे, त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय शासनाच्या कौशल्य योजनांत २०१५ पासून झाली आहे. मोहल्ल्यातील अशा कारागिरांना अर्ज भरण्यास मदत करणे, हे शिकलेल्या मुलांचे काम होय. आणि नोकरी कंत्राटी असली, तरी नेमणुकीचा कागद, पगाराची चिठ्ठी व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा. ते मागण्यात संकोच कसला?

पनवेलच्या चाककऱ्याचा हुन्नर थोर होता, पण त्याची कोठे नोंद झाली नाही. आज त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. त्यांची चाके देशावर कोठे कोठे फिरली असतील! आपल्या मुलांच्या हुन्नराची नोंद व्हावी, त्यांच्या सहीला किंमत यावी, एवढी दक्षता आपण घेतली तरी पुष्कळ होईल. सकाळी कंपनीच्या बससाठी उभ्या असलेल्या माणसांत उद्या आपला मुलगा असेल किंवा मुलगी असेल. ती कोणत्या कामावर जाणार, हे बऱ्याच अंशी या वर्षी आपल्या घरात काय ठरते त्यावर अवलंबून आहे.